फी माफ, तरी पहिल्या वर्षाला २ लाख ५९ हजार : लातूरच्या एका मुलीच्या पुण्यातल्या इंजिनिअरिंगचा हिशोब

प्रकरण २०२५-२६ च्या प्रवेशाचं आहे. मुलगी माझी भाची, औसा तालुक्यातल्या एका गावातली, लातूरपासून गाव पंचवीस किलोमीटर. घरी चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि मागून हरभरा, शिवाय दाजींची पिठाची गिरणी. लहान भाऊ नववीत. जात ओबीसी, व्हॅलिडिटी आणि नॉन क्रिमीलेयर दोन्ही काढून ठेवलेलं, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला अडीच लाखाच्या आतला. सीईटीला पर्सेंटाईल बरे पडले आणि पुण्यातल्या खाजगी कॉलेजांत कॉम्प्युटरला नंबर लागेल असं दिसायला लागलं, आणि मग घरात एकच प्रश्न, वर्षाला लागतील किती?

दाजींचा आकडा तयार होता. फी माफ आहे, मग पन्नासेक हजारात वर्ष निघेल. ताईचा आकडा दुसऱ्या टोकाला, कारण शेजारच्या मुलाने मॅनेजमेंट कोट्यातून पुण्यात प्रवेश घेतला होता आणि त्यांचं एक एकर गेलं होतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते पण दोघांच्याही आकड्याच्या मागे कागद नव्हता. मी पुण्यात राहतो, म्हणून हिशोब माझ्याकडे आला. तो जसा बसवला तसा इथे पूर्ण देतोय, कारण जुलै-ऑगस्टमध्ये हेच गणित हजारो घरांत चालू असतं आणि बहुतेक ठिकाणी फक्त फीच्या आकड्यावर चालू असतं.

आधी फी माफी म्हणजे नक्की काय माफ ते बघू. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला, त्यानुसार कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के मिळतं, त्याआधी ते पन्नास टक्के होतं. अट महत्त्वाची अशी की प्रवेश कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोटा किंवा संस्थास्तरावरची सीट घेतली की हा लाभ गेला, आणि "सीट करून देतो" म्हणणारे एजंट हे कधी सांगत नाहीत. लातूरला एकजण दाजींना भेटून गेलाच होता. शेजारच्यांची जमीन कशात गेली ते दाजींना तेव्हा कळलं.

आता कॉलेजचा कागद. खाजगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि त्यात शिक्षण शुल्क वेगळं आणि विकास शुल्क वेगळं असतं. ज्या कॉलेजचा आम्ही हिशोब धरला तिथे शिक्षण शुल्क १,२४,०००, विकास शुल्क १४,०००, विद्यापीठाचे वगैरे इतर ५,५००, आणि परत मिळणारं डिपॉझिट ५,०००. माफ होतं ते पहिलं. बाकीचे २४,५०० प्रवेशाच्या दिवशी रोख किंवा ऑनलाईन भरायचेच. परीक्षा फी दोन सेमिस्टरची मिळून ३,००० धरली, ती योजनेतून येते पण कधी येईल ते आपल्या हातात नाही, म्हणून मी ती खर्चातच ठेवली. हा नियम मी सगळ्या हिशोबाला लावला: खात्यात जमा झाल्याशिवाय सरकारी पैसा जमेत धरायचा नाही. योजनेला नावं ठेवायची म्हणून हे नाही, महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर) अर्ज करायचा, आधारला जोडलेलं बँक खातं चालू ठेवायचं, दरवर्षी नूतनीकरण करायचं, सगळं करायचं, पण मेसवाला महिन्याच्या पाच तारखेला पैसे मागतो.

राहण्याचं

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच पाहिजे, कारण फी माफ झालेल्या मुलीच्या वर्षाचा सगळ्यात मोठा आकडा हाच असतो.

कॉलेजच्या आवारातलं मुलींचं हॉस्टेल वर्षाचे ८२,००० घेत होतं, मेस वेगळी, डिपॉझिट ५,०००. बाहेर पीजी (पेईंग गेस्ट) बघितलं तर तिघींच्या खोलीत एका बेडचे महिन्याला ६,५००. अकरा महिन्यांचे झाले ७१,५००. घरच्यांना वाटलं पीजी दहा हजारांनी स्वस्त. पण पीजीत लाईट बिल वेगळं, महिन्याला माणशी तीनशे म्हणजे अकरा महिन्यांचे ३,३००. कॉलेज चालत जाण्याइतकं जवळ नाही, म्हणजे पीएमपीचा (शहर बसचा) विद्यार्थी पास, महिन्याला साडेसातशे, दहा महिन्यांचे ७,५००. एकूण ८२,३००. म्हणजे दोन्ही बरोबरीला आले, उलट पीजी तीनशेने वर. शिवाय पीजीचं डिपॉझिट दोन महिन्यांचं आणि सोडताना त्यातला एक महिना कापणार, हे मालकाने स्वतः सांगितलं. एका पीजीवाल्या बाई भाड्यावर वर जीएसटी लावते म्हणत होत्या, त्यांना नम्रपणे सांगितलं की महिन्याला माणशी वीस हजारांपर्यंत भाडं असेल आणि सलग नव्वद दिवस राहणार असेल तर जुलै २०२४ पासून त्याच्यावर जीएसटी नाही. त्या लगेच गप्प झाल्या. विचारत चला, कारण खेड्यातून आलेला बाप हे विचारणार नाही हे त्यांना माहीत असतं.

मग आकडा सारखा असताना हॉस्टेलच का घेतलं? एक तर रात्री लॅबमधून सुटल्यावर मुलगी आवारातच असते, या गोष्टीला ताईच्या लेखी जी किंमत आहे ती हिशोबात धरायलाच हवी. हॉस्टेलची अडचण एकच होती, पीजीला पैसे महिन्याला जातात आणि हॉस्टेलला एकदम, आणि शेतकऱ्याच्या घरात एकदम ८२ हजार ऑगस्टमध्ये कुठून येणार. म्हणून हॉस्टेलच्या ऑफिसात जाऊन सरळ विचारलं की दोन हप्ते होतील का. अर्ज द्या म्हणाले. दिला. ४२,००० ऑगस्टअखेर आणि ४०,००० जानेवारीत असं मंजूर झालं. हे कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नव्हतं, विचारलं म्हणून मिळालं.

खाण्याचं

मेस ३,४०० महिना, दोन वेळचं जेवण. दहा महिने गुणिले करून मोकळं व्हायचा मोह होतो, पण मेसला खाडा असतो, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे कमी होतात. आमच्या मेसचा नियम असा की सलग चार दिवस किंवा जास्त नसाल आणि आदल्या दिवशी रजिस्टरात लिहून गेलात तरच खाडा धरणार. दिवाळीचे बारा दिवस आणि सेमिस्टर संपल्यावरची सुट्टी मिळून महिनाभराचा खाडा बसतो, म्हणून नऊ महिने धरले, ३०,६००. शनिवार-रविवार गावी जाऊन आलात तर मात्र एक रुपया कमी होत नाही.

मेसमध्ये नाश्ता नाही. पोहे-चहा तीस रुपये, महिन्याचे पंचवीस दिवस, नऊ महिने, ६,७५०. आणि रविवारी दुपारी फीस्ट (गोडाधोडाचं जेवण) असते आणि रात्री मेस बंद. ही रविवारची रात्र कुणीच धरत नाही. छत्तीस रविवार, एका वेळेला १२० रुपये, ४,३२० झाले. दाजी म्हणाले, "एवढं बारीक कशाला बघायचं हो?" तर बारीक यासाठी की असे चार-पाच बारीक खर्च मिळून हॉस्टेलचा अर्धा हप्ता होतो, आणि हे पैसे मुलगी फोनवर मागते तेव्हा तिला मागायची लाज वाटते आणि घरच्यांना वाटतं पोरगी उधळते. आधीच कागदावर असलं की दोघांचंही मन स्वच्छ राहतं. माझ्या मते अख्ख्या अंदाजाचा खरा उपयोग हा आहे.

बाकीचं भरभर सांगतो. साबण-शाम्पू-पॅड, मोबाईल रिचार्ज, थोडी औषधं मिळून वर्षाचे ११,९००. पुस्तकं, ड्राफ्टर, कॅल्क्युलेटर, वर्कशॉपचा एप्रन, जर्नल मिळून ८,०००, यात पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून जुनी घ्यायची असं धरून, सगळी नवी घेतली तर बाराच्या पुढे जातं. कपडे ५,०००. गादी, बादली, चादरी, कुलूप, इस्त्री असं पहिल्यांदाच लागणारं सामान ६,०००. लॅपटॉप ४८,०००.

प्रवासाचं थोडं सांगण्यासारखं आहे. लातूर-पुणे एसटीने सव्वातीनशे किलोमीटर, साध्या बसचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याला १०.०५ रुपये, म्हणजे पूर्ण तिकीट साडेपाचशेच्या घरात, आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट असल्याने मुलीला पावणेतीनशे. येण्याजाण्याच्या चार खेपा, रिक्षा धरून, ४,०००. पण प्रवेशाच्या वेळी दाजींच्या फेऱ्या, त्यांचं पूर्ण तिकीट, बाहेरचं जेवण, कागदपत्रांच्या झेरॉक्स याचे ५,००० वेगळे धरले. सर्वात शेवटी १५,००० अडीअडचणीला.

सगळी बेरीज २,५९,०७०.

दाजी बराच वेळ कागदाकडे बघत बसले आणि म्हणाले, "फी माफ हाय म्हणून सांगत होतो मी सगळ्यांला." फी माफच आहे. शिक्षण शुल्काचे १,२४,००० या बेरजेत कुठेच नाहीत, माफी नसती तर आकडा पावणेचार लाखाच्या वर गेला असता. योजना खरी आहे आणि मोठी आहे. पण दुसऱ्या शहरात राहून शिकणाऱ्या मुलीचा खर्च कॉलेजच्या दारात थोडा आणि दाराबाहेर जास्त असतो.

यातले डिपॉझिटचे १०,०००, लॅपटॉप ४८,०००, सामान ६,००० आणि प्रवेशाच्या फेऱ्यांचे ५,००० असे ६९,००० एकदाच लागणारे. म्हणजे दुसऱ्या वर्षापासून आजच्या भावाने वर्षाला १,९०,०००. दरवर्षी सहा टक्के वाढ धरली (मेसचे दर दर जूनला वाढतातच) तर दुसरं वर्ष २.०१ लाख, तिसरं २.१३, चौथं २.२६. चार वर्षांचे मिळून नऊ लाखांच्या आसपास.

हा अंदाज ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीची यादी, भरण्याआधी केला ही या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट. २०२५ च्या कॅपमध्ये पहिल्या राऊंडला पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ती सीट आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की, दुसऱ्या राऊंडला पहिल्या तीनपैकी, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी मिळालं तरी तेच. म्हणजे यादीत वर काय लिहितो त्यावर घरच्या चार वर्षांचा खर्च ठरतो, आणि सीट फ्रीज झाल्यावर खर्चाचा हिशोब करून काही हाती लागत नाही. बहुतेक पोरं यादी मागच्या वर्षीच्या कटऑफवरून लावतात, पैशाचं नंतर बघू म्हणतात.

आम्ही त्याच कागदावर लातूरच्या कॉलेजचा रकाना मांडला. घरून जाऊन-येऊन, एसटीचा विद्यार्थी पास (दोन तृतीयांश सवलतीचा, बारावीपर्यंतच्या मुलींना मिळतो तो फुकट पास कॉलेजला चालत नाही), डबा घरचा, विकास शुल्क कमी. वर्षाला साडेबेचाळीस हजार, अधिक एकदाचा लॅपटॉप. चार वर्षांचे वाढ धरून दोन लाख पस्तीस-चाळीस हजार. पुणे आणि लातूरमधला फरक साडेसहा लाखांच्या वर.

मग खरा प्रश्न समोर आला की पुण्याच्या कुठल्या सीटसाठी साडेसहा लाख जास्तीचे द्यावेत आणि कुठल्या सीटसाठी देऊ नयेत. यासाठी कॉलेजच्या फलकावरचं "हायेस्ट पॅकेज" बघून काहीच कळत नाही, ते एखाद्याचं असतं. एनआयआरएफसाठी (केंद्राच्या कॉलेज क्रमवारीसाठी) कॉलेजं जी माहिती भरतात ती त्यांच्या वेबसाईटवर पीडीएफमध्ये असते, त्यात किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली आणि मधला पगार किती हे असतं. मधला पगार म्हणजे अर्धी मुलं त्याच्या वर आणि अर्धी खाली. भाचीने स्वतः बसून पंधराएक कॉलेजांचं हे काढलं, मोबाईलवर, आणि वहीत लिहिलं. त्यावरून यादी अशी लागली की वरची तीन कॉलेजं पुण्यातली, तिन्हींत आवारात मुलींचं हॉस्टेल, तिन्हींचा मधला पगार लातूरपेक्षा ठळक जास्त. चौथ्या नंबरला थेट लातूरचं कॉम्प्युटर. पुण्याच्या बाहेर तीस-पस्तीस किलोमीटरवरची जी नवी कॉलेजं आहेत, जिथे नंबर हमखास लागला असता, ती सगळी खोडली, कारण तिथे खर्च पुण्याचा होता आणि मधला पगार लातूरएवढाच. हे खोडताना तिला वाईट वाटलं, पुणे म्हणजे पुणे असं वयच असतं ते. पण खोडलं तिनेच.

दुसऱ्या राऊंडला दोन नंबरचं कॉलेज मिळालं. हजार रुपये सीट ॲक्सेप्टन्स भरून नक्की केलं.

पैसे कुठल्या महिन्यात

वर्षाचा आकडा कळला तरी अर्धंच काम होतं. शेतकऱ्याच्या घरात पैसा बारा महिने सारखा नसतो आणि कॉलेज नेमकं अशा वेळी पैसे मागतं जेव्हा घर रिकामं असतं. जून-जुलैमध्ये बियाणं, खत, पेरणी, फवारणी झालेली, सोयाबीन घरात यायला ऑक्टोबर, आणि प्रवेश ऑगस्टमध्ये. म्हणून दुसरा कागद महिन्यांचा केला. एकट्या ऑगस्टमध्ये कॉलेजचे २४,५००, हॉस्टेलचा पहिला हप्ता आणि डिपॉझिट ४७,०००, मेस ३,४००, सामान ६,०००, ड्राफ्टर वगैरे तातडीचं ४,०००, फेऱ्या ५,०००. एकूण ८९,९००. लॅपटॉप त्याच महिन्यात घेतला असता तर १,३७,९००. दुकानदार आणि सीनियर पोरं दोघंही सांगत होते की कॉम्प्युटरला पहिल्या दिवसापासून लॅपटॉप लागतो, पण पहिल्या सेमिस्टरला कॉलेजची लॅब आणि हॉस्टेलच्या वाचनालयातले कॉम्प्युटर पुरतात असं दोन शिक्षकांनीच सांगितलं, म्हणून लॅपटॉप जानेवारीवर ढकलला.

घरून वर्षाला काय निघेल हे दाजींनीच प्रामाणिकपणे मांडलं. गिरणीतून ६०,०००, सोयाबीनमधून खर्च जाऊन ४०,०००. त्यात या वर्षी ताईच्या भिशीचा नंबर होता, ३०,०००. म्हणजे पहिल्या वर्षी १,३०,००० आणि पुढे वर्षाला १,००,०००. नऊ लाखातून हे काढलं तर चार वर्षांत कर्ज लागतं ४ लाख ७० हजार.

शैक्षणिक कर्जाचं लोकांना एवढंच माहीत असतं की साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. व्याज कुणी मोजत नाही. शिक्षण चालू असताना आणि नंतर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. दहा टक्के साधं व्याज धरा, पहिल्या वर्षी उचललेल्या रुपयाचा हप्ता सुरू होईपर्यंत दीड रुपया झालेला असतो. त्या हिशोबाने ४.७० लाखांवर १.६४ लाख व्याज चढून ६.३४ लाख होतात, आणि दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण ८,४००. घरच्यांनी शिक्षण चालू असतानाच व्याज भरत ठेवलं, पहिल्या वर्षाच्या पैशावर ते महिन्याला अकराशेच्या आत आहे, तर हप्ता ६,२०० वर राहतो. हा आकडा मी भाचीला दाखवला कारण तो तिला भरायचा आहे. मधला पगार आणि हा हप्ता शेजारी शेजारी लिहून तिने बघितले आणि मगच सही केली.

केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, तिच्यात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर व्याजात तीन टक्के सवलत आहे हे आम्ही वाचलं होतं. पण ती ठराविक संस्थांपुरती (सुरुवातीला ८६०), आणि दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा लाभ घेणाऱ्याला ती व्याजसवलत नाही. राज्याची फी माफी घेतली की ती गेली. एक लाख चोवीस हजारांची माफी सोडून कुणी तीन टक्क्यांच्या मागे जाणार नाही, पण दोन्ही मिळतील असं धरून कागद करणारे बरेच भेटले.

राज्याचीच ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना मात्र चालण्यासारखी होती. ओबीसी, व्हीजेएनटी (भटके-विमुक्त), एसबीसीच्या (विशेष मागास) ज्या मुलांना सरकारी वसतिगृह मिळत नाही त्यांना पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० मिळतात, भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आणि जिल्ह्याला ६०० जागा, म्हणून अर्ज केला आणि जमेत शून्य लिहिलं. मिळाली तर कर्ज जवळपास निम्म्यावर येईल. एससीसाठी स्वाधार योजना याच धर्तीची आहे, ओळखीत कुणी असेल तर सांगा त्यांना.

बँकेकडून ५ लाख मंजूर करून घेतले आणि उचल मात्र लागेल तेवढीच ठरवली, पहिल्या वर्षी हॉस्टेलचे ८२,००० आणि लॅपटॉप. इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. कॉलेज बँकेसाठी जे खर्चाचं पत्र देतं त्यात क्लार्कने सवयीने फक्त फी आणि हॉस्टेल लिहिलं होतं. भाचीने परत जाऊन मेस, पुस्तकं आणि लॅपटॉप त्यात घालून घेतलं. पत्रात जे नाही त्यासाठी बँक पुढे पैसे सोडत नाही.

मग सप्टेंबर आला

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. काढणीला आलेल्या सोयाबीनमध्ये पाणी उभं राहिलं. दाजींचं निम्मं शेत गेलं आणि जे निघालं ते डागी. हमीभाव ५,३२८ होता, पण भिजलेल्या मालाला तो कोण देतो. खर्च जाऊन ४०,००० धरले होते तिथे १५,००० हातात आले. पंचवीस हजारांचा खड्डा, आणि जानेवारीत हॉस्टेलचा ४०,००० चा हप्ता तोंडावर.

हप्त्याची काळजी नव्हती कारण तो कर्जातच धरलेला होता. प्रश्न रोजच्या खर्चाचा होता, आणि तिथे ते पत्र कामाला आलं. मेस पत्रात होती म्हणून जानेवारीपासूनच्या पाच महिन्यांच्या मेसचे १७,००० बँकेने सोडले. उरलेले ८,००० अडीअडचणीच्या पंधरातून घेतले. कर्ज तेवढ्याने वाढू नये म्हणून लॅपटॉप नवा न घेता वर्षाच्या वॉरंटीचा रिफर्बिश्ड घेतला, २६,००० ला, रॅम वाढवून. तो चांगला चालतोय. पहिल्या वर्षाची एकूण उचल अशी १,२५,००० झाली, ठरवलेल्या १,३०,००० च्या आतच. त्या महिन्यात ताई फोनवर एकदा म्हणाली की शिक्षण थांबवायचं का, आणि मी तिला कागदाचा फोटो पाठवला, बाकी काही बोललो नाही. हॉस्टेलमधल्या दोन मुली त्या सुमारास गावी गेल्या त्या परत यायला महिना लागला, पैशामुळेच. त्यांच्याही घरी पाऊस तोच होता.

जानेवारीपर्यंत कागद आणि प्रत्यक्ष यात फरक पडला तो असा. नाश्ता कमी लागला, घरून नेलेला चिवडा-लाडू पुरला आणि मुली मिळून दूध आणतात. प्रवासही कमी, कारण दिवाळीनंतर ती गेलीच नाही. झेरॉक्स आणि प्रिंट मात्र महिन्याला चारशेच्या घरात गेले, असाइनमेंट सगळ्या छापून मागतात, पुढच्या कागदात त्याला स्वतंत्र ओळ आहे. चष्मा लागला, २,८००, तो अडीअडचणीतून गेला आणि तिथे आता ४,२०० शिल्लक आहेत. शिक्षण शुल्काचा अर्ज मंजूर दिसतोय, परीक्षा फी अजून आलेली नाही, आधार योजनेचा अर्ज छाननीत आहे.

दुसऱ्या वर्षाचा कागद मार्चमध्येच करायला घेतलाय. त्यात घरच्या उत्पन्नाचे दोन रकाने आहेत, एक चांगल्या पावसाचा आणि एक यंदासारख्या, आणि हॉस्टेलला दोनाऐवजी तीन हप्ते मागायचा अर्ज भाचीने स्वतः लिहून ठेवलाय, रेक्टर मॅडम एप्रिलमध्ये घेतो म्हणाल्यात.